पेठेतील सूर

व्यापाऱ्याला शहरे पुष्कळ ठाऊक असतात. मात्र प्रत्येक शहरातील दोन-तीन गल्ल्याच ठाऊक असतात. सांगली, सोलापूर किंवा पुण्याहून खरेदीसाठी चेन्नईला गेलेला जैन व्यापारी सेंट्रल स्थानकावर उतरतो, जवळच्या साहुकारपेठेत पोहोचतो, मिंट स्ट्रीटवरील देरासरात दर्शन घेतो, ओळखीच्या भोजनगृहात राजस्थानी वा गुजराती जेवण घेतो, दुपारी भाव ठरवतो आणि मालाची बिल्टी खिशात घालून रात्रीच्या गाडीने परततो. वीस वर्षे असा प्रवास केलेला गृहस्थ 'मद्रास मला पाठ आहे' असे म्हणतो, तेव्हा ते अर्धेच खरे असते. त्याला मद्रासची पेठ पाठ असते. त्याच पेठेत कधीकाळी कोणते सूर घुमत होते, याची त्याला बहुधा वार्ताही नसते.

युनेस्कोने 2017 साली चेन्नईला संगीतासाठी 'सर्जनशील शहरां'च्या जाळ्यात स्थान दिले. वाराणसीला तो मान त्याच्या दोन वर्षे आधी मिळाला होता. वाराणसीच्या संगीताविषयी महाराष्ट्रातील कुटुंबे थोडेफार जाणतात. चेन्नईच्या संगीताविषयी मात्र 'ते दाक्षिणात्य, आपल्याला काय कळणार' असे म्हणून दार लावून घेतात. वास्तविक या संगीताचे पहिले घर व्यापाऱ्यांच्या वस्तीतच होते.

साहुकारपेठ ज्या भागात मोडते, त्याला आज जॉर्ज टाउन म्हणतात. कंपनी सरकारच्या काळात किल्ल्यातील इंग्रज अधिकारी आणि देशी बाजार यांच्यामध्ये व्यवहार जमवणारे 'दुभाषी' हे येथील मोठे धनिक. त्यांपैकी मणलीच्या मुदलियार घराण्याने रामस्वामी दीक्षितार यांना आश्रय दिला. त्यांचे पुत्र मुत्तुस्वामी दीक्षितार पुढे कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी एक झाले. किल्ल्यातील इंग्रजी बँडच्या सुरावटी ऐकून त्यांनी त्या चालींवर संस्कृत रचना बांधल्या. त्यांचे बंधू बालुस्वामी यांनी युरोपीय व्हायोलिन आत्मसात करून ते कर्नाटक संगीतात आणले. आज व्हायोलिनच्या साथीवाचून कर्नाटक गायनाची मैफल क्वचितच होते. विलायती वाद्याला दक्षिणेच्या गायनात जागा मिळाली, त्यामागे एका व्यापारी घराण्याची उदारता होती.

1839 च्या सुमारास संत त्यागराज मद्रासला आले आणि जॉर्ज टाउनमधील बंदर स्ट्रीटवर कोवूर सुंदरेश मुदलियार यांच्या घरी उतरले. यजमानांची इच्छा होती की त्यागराजांनी आपल्यावर एखादी कृती रचावी. मनुष्यस्तुती न करण्याचे व्रत पाळणाऱ्या त्यागराजांनी यजमानांवर नव्हे, तर कोवूर गावच्या सुंदरेश्वरावर पाच कृती रचल्या, असे सांगतात. निरोपाच्या वेळी मुदलियारांनी सोन्याची नाणी त्यांच्या नकळत पालखीत ठेवली, अशीही आख्यायिका आहे. नाव गाऊन घेण्याची इच्छा ते गुप्तदान, एवढे अंतर तो श्रीमंत गृहस्थ त्या थोड्या दिवसांत चालून गेला. देणगीदारांच्या नावांच्या पाट्या मोजणाऱ्या आजच्या समाजाला या कथेतून घेण्यासारखे बरेच आहे.

याच जॉर्ज टाउनमध्ये रामकृष्ण चेट्टी स्ट्रीटवर वीणा धनम्माळ राहत. त्यांचा काळ 1867 ते 1938. दर शुक्रवारी संध्याकाळी त्या आपल्या घरी वीणा वाजवीत. वीणेचा तो नाद इतका मृदू असे की, श्रोत्यांना हालचालही जपून करावी लागे. बोलणे, कुजबुजणे, उठबस यांना तेथे थारा नव्हता. नामांकित गायक-वादकही त्या खोलीत शिष्याप्रमाणे बसत. बाहेर बाजाराचा कोलाहल आणि आत एका वीणेसाठी श्वास आवरून बसलेली माणसे, असे ते शुक्रवार होते.

आज त्या गल्ल्यांतून चालणाऱ्याला हातगाड्या, गोण्या, कागदाचे गठ्ठे आणि घाऊक दुकानांच्या पाट्या दिसतात. तंजावरचे मराठी राज्य 1855 साली संपुष्टात आले आणि तेथील कलावंत आश्रयासाठी मद्रासला येऊ लागले. प्रथम ते जॉर्ज टाउनच्या धनिकांकडे आले. पुढे ही सुखवस्तू घराणी मोकळ्या जागेच्या शोधात दक्षिणेकडे सरकली आणि संगीतही त्यांच्यामागोमाग गेले. मागे राहिलेली घरे दुकाने व गुदामे झाली. यात कोणाचा अपराध नाही. पेठ वाढते तेव्हा असेच होते. तरीही ज्या समाजाने त्या घरांत गाद्या मांडल्या, त्या समाजाने तेथे पूर्वी काय होते हे जाणून घेणे, एवढे ऋण तर मानायलाच हवे.

संगीत कोठे गेले, हे पाहण्यासाठी चेन्नई बीच स्थानकातून वेलाच्चेरीकडे जाणारी लोकल धरावी. पहिला मुक्काम तिरुवल्लिकेणी, म्हणजे इंग्रजांचे ट्रिप्लिकेन. पार्थसारथी मंदिराच्या या वस्तीत 1900 साली पार्थसारथी स्वामी सभा स्थापन झाली. ती शहरातील सर्वांत जुनी सभा समजली जाते. येथे 'सभा' म्हणजे संगीत मंडळ: सभासदांनी वर्गणी भरायची, मंडळाने कलावंत बोलवायचे. राजाश्रय संपल्यावर वकील, कारकून, दुकानदार व शिक्षक यांच्या वर्गणीवर हे संगीत तगले. मराठी माणसाला आपली वसंत व्याख्यानमाला आठवावी, असाच हा प्रकार. 1927 च्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच्या जोडीने संगीत परिषद झाली आणि तिच्यातून पुढच्या वर्षी म्युझिक अकादमी उभी राहिली. डिसेंबरच्या संगीत हंगामाचे मूळ तेथे आहे.

ट्रिप्लिकेनहून मरीना किनारा पायी गाठता येतो. तेथे हातात नूपुर घेऊन उभी असलेली कण्णगीची मूर्ती आहे. 1968 च्या जागतिक तमिळ परिषदेच्या वेळी ती उभारली गेली. 'शिलप्पदिकारम्' या तमिळ महाकाव्याची ही नायिका. परंपरेनुसार या काव्याचे कर्ते इळंगो अडिगळ जैन मुनी होते. कण्णगी व तिचा पती कोवलन ही दोघेही व्यापारी कुळातील आणि मदुरैच्या वाटेवर त्यांना सोबत करणाऱ्या कवुंदी अडिगळ या जैन साध्वी. प्राचीन तमिळ संगीताच्या अभ्यासकांना याच काव्यातून सप्तस्वरांची तमिळ नावे आणि वाद्यांची वर्णने मिळतात.

या कथेतील एक प्रसंग प्रत्येक श्रोत्याने ध्यानात ठेवावा असा आहे. समुद्रकिनारी कोवलन आणि नर्तकी माधवी आळीपाळीने गातात. त्याच्या गीतात दुसऱ्याच स्त्रीची ओढ आहे असे तिला वाटते. म्हणून ती उत्तरादाखल तशाच आशयाचे गीत गाते आणि तो ते खरे मानून उठून जातो. पुढचा सारा अनर्थ तेथून सुरू होतो. श्रोत्रेंद्रियाच्या आसक्तीने हरीण पारध्याच्या जाळ्यात सापडते, हा दृष्टांत जैन श्रावकांनी लहानपणापासून ऐकलेला असतो. या काव्यात त्याच्या जोडीला दुसरी गोष्टही दिसते. कोवलनाचा घात आसक्तीने तर केलाच. पण नीट न ऐकण्यानेही केला.

दुसऱ्या दिवसाची पहाट मैलापूरसाठी ठेवावी. त्यासाठी लोकलने तिरुमयिलै स्थानकावर उतरायचे. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तमिळ मार्गळी मास असतो. या दिवसांत कपालीश्वर मंदिराभोवतीच्या चार माडवीथींतून पहाटेच भजनी मंडळी फिरतात. संगीतकार पापनाशम् शिवन यांनी गेल्या शतकात या फेऱ्यांना जे रूप दिले, ते आजही टिकून आहे. दारादारांत तांदळाच्या पिठीचा कोलम रेखलेला असतो. मुंग्या-पाखरांना दोन कण मिळावेत हाही त्यामागचा भाव, असे तेथील आजीबाई सांगतात. जीवदयेची ही खूण जैन पाहुण्याला परकी वाटू नये.

मैलापूर तर आपल्याला मुळीच परके नाही. येथे एके काळी भगवान नेमिनाथांचे जिनालय होते. गुणवीर पंडितांचा 'नेमिनादम्' हा तमिळ व्याकरणग्रंथ त्याच नेमिनाथांच्या नावाने ओळखला जातो. समुद्राच्या भयाने मूर्ती मेल सित्तामूर येथे नेली, अशी तमिळ जैनांची परंपरा आहे. आज तेथे त्यांचा मठ आहे. साहुकारपेठेतील देरासर पाहून परतणाऱ्या यात्रेकरूने मैलापुरातही क्षणभर हात जोडावेत, इतका हा संबंध जुना आहे.

येथून आणखी दक्षिणेला तिरुवान्मियूर येथे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी स्थापलेले कलाक्षेत्र आहे. भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या याच विदुषीने राज्यसभेत प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध विधेयक मांडले होते. त्यांच्या प्रयत्नांतून 1960 चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आला आणि प्राणिकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच झाल्या. कलेची उपासना आणि अहिंसा एकाच जीवनात किती सहज नांदू शकतात, याचे हे उदाहरण घराघरांत सांगण्याजोगे आहे.

दुपारी मात्र कोणत्याही सभेत जाऊन बसावे. मैलापूर, आळवारपेठ, त्यागरायनगर या वस्त्यांत हंगामात सकाळपासून मैफली चालतात. संध्याकाळी नामवंतांची गर्दी आणि तिकिटांची रांग असते. दुपारी तरुण कलावंत गातात आणि पुष्कळ ठिकाणी प्रवेश विनामूल्य असतो. चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाला हीच वेळ सोयीची, कारण डिसेंबरात तेथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सभांची उपाहारगृहे शाकाहारी असतात व त्यांची ख्याती गायकांहून कमी नाही. तथापि सांबारात छोटा कांदा असतोच असे धरून चालावे आणि प्रत्येक पदार्थ विचारूनच घ्यावा.

मैफलीत काय करावे, हे शेजारच्या आजोबांकडे पाहून कळते. ते मांडीवर हाताने ताल धरतात आणि आवडलेल्या जागी हळूच 'सभाष' म्हणतात. आपल्या 'शाबास'चाच हा सोदर. मृदंगवादनाची एकल पाळी आली की अनेक जण कॉफीसाठी उठतात. ते अनुकरण करू नये. शेवटी शेवटी एखादा मराठी अभंग कानी पडण्याचाही संभव असतो. तंजावरच्या मराठी राजवटीत तेथे पोहोचलेल्या मराठी कीर्तनातून तमिळ हरिकथेने साकी, दिंडी, ओवी हे छंद घेतले आणि अभंगही दक्षिणेत रुजला. आपले शब्द दुसऱ्या प्रांताने दोनशे वर्षे जिव्हाळ्याने सांभाळलेले ऐकणे, हा अनुभव शब्दांत मावणारा नाही.

त्या दुपारच्या सभागृहात बहुतेक खुर्च्या रिकाम्या असतात. व्यासपीठावर विशीतील एखादी गायिका तानपुऱ्याच्या साथीने आळवीत असते. समोर पंधरा-वीस वृद्ध आणि तिचे आईवडील. वर्षानुवर्षांचा रियाज तिने या घटकेसाठी केलेला असतो. चार मैलांवर साहुकारपेठेत त्याच वेळी हजारो माणसे भाव करीत असतात. त्यांपैकी एक कुटुंब जरी येऊन त्या खुर्च्यांवर बसले, तरी तिच्या दृष्टीने सभागृह भरते. त्यासाठी देणगी लागत नाही, पाटीही लागत नाही. आश्रय देणे म्हणजे नेहमी द्रव्य देणेच नव्हे. वेळ देणे हेही दानच आहे.

संगीतश्रवण म्हणजे सामायिक नव्हे, आणि तसे कोणी समजूही नये. परंतु 48 मिनिटे एका जागी मौनाने बसण्याचा अभ्यास ज्या समाजाला आहे, त्याला एका रागाचा विस्तार शांतपणे ऐकणे कठीण जाऊ नये. धनम्माळांच्या खोलीतील श्रोते जे करीत होते, ते आपल्या घरातील आजी रोज उपाश्रयात करते.

'श्रावक' हा शब्द 'श्रु' धातूपासून आला. त्याचा मूळ अर्थ ऐकणारा. हा शब्द प्रथम जिनवाणीसाठी आहे. पण जो गुरूंचे नीट ऐकतो, तो ग्राहकाचे, कामगाराचे, सुनेचे आणि परक्या शहराचेही नीट ऐकू लागतो. आणि जो परक्याचे ऐकू शकत नाही, त्याच्या उपाश्रयातील श्रवणाविषयीही शंका घ्यावी लागते. पुढच्या डिसेंबरात चेन्नईची खरेदी असेल, तर परतीची गाडी एक दिवस पुढे ढकलावी. मुलांना बरोबर न्यावे, फोन बंद करावेत आणि दुपारच्या त्या रिकाम्या सभागृहात पहिल्या रांगेत बसावे.