नवी कोरी जुनी झरणी

जुन्या झरण्यांचा संग्रह करणाऱ्या मंडळींत आज एकच रडगाणें ऐकूं येतें: बाजार नकली मालानें भरला, विक्रेते लबाड झाले, कोणावर विश्वास ठेवावा तें कळत नाहीं. ही तक्रार खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ती करणाऱ्या गृहस्थांनीं आपल्या कांचेच्या कपाटाकडे एकदां नीट पाहावें, अशी आमची त्यांना विनंती आहे. शंभर वर्षांची झरणी कालच दुकानांतून आणल्यासारखी चकचकीत पाहिजे, हा हट्ट कोणाचा? नकली माल करणारा कारागीर हा या हट्टाचाच मानसपुत्र होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.

एबोनाइटचेंच उदाहरण घ्या. सेल्युलॉइड प्रचारांत येण्यापूर्वीं वॉटरमनसारख्या कंपन्यांच्या झरण्या या कडक रबराच्या असत. गंधक मिसळून हें रबर कठीण केलेलें असतें, आणि वर्षानुवर्षें उजेड व दमट हवा लागली म्हणजे त्याचा काळेपणा उतरून शेवाळी तपकिरी छटा चढते. तेव्हां १९१५ सालची म्हणून दाखविलेली झरणी काजळासारखी काळी असेल, तर ती एक तर जन्मभर पेटींत मिटून पडलेली असली पाहिजे, नाहीं तर तिला कोणी तरी कलप लावला असला पाहिजे. हा कलप ओळखणें फारसें अवघड नाहीं. रंग चढविण्यापूर्वीं नळी घासतात. त्यानें तिच्यावरील नक्षीच्या रेषा बोथट होतात व कोरलेलें नांव पुसट पडतें. झळाळी ताजी आणि अक्षरें मात्र झिजलेलीं, असा जोड दिसला कीं खिशांतील हात खिशांतच ठेवावा. पदार्थाची परीक्षा नाकानेंही होते. अंगठ्यानें जोरानें घासल्यावर एबोनाइटला गंधकाचा वास येतो, सेल्युलॉइडला कापराचा. (तापलेली सुई टोचून पाहण्याची एक अघोरी रीत कांहीं तज्ज्ञ सांगतात. सेल्युलॉइड चटकन पेट घेतें. आणि खऱ्या झरणीला भोंक पाडून ती खरी होती हें सिद्ध करण्यांत काय शहाणपण, तें त्यांचें त्यांना ठाऊक.) पार्करची तांबडी ड्युओफोल्ड १९२१ सालीं निघाली ती कडक रबराची; सेल्युलॉइडची ती १९२६ पासून झाली. ‘पहिल्या वर्षाची’ म्हणून पुढें केलेल्या ड्युओफोल्डला कापराचा वास आला, तर नाकावर विश्वास ठेवावा, विक्रेत्यावर नको.

निव्वळ नकला पकडणें त्या मानानें सोपें. माँब्लांची १४९ ही १९५२ सालीं आली, पण तिच्या क्लिपच्या कड्यावर क्रमांक घालण्याची पद्धत १९९० नंतरच्या दशकांतली. साठ सालची म्हणून मिळालेल्या झरणीवर क्रमांक पाहून हर्षभरित होणारे संग्राहक आम्हीं पाहिले आहेत.

पार्कर ५१ चें प्रकरण याहून नाजूक आहे. १९४१ सालीं बाजारांत आलेली ही झरणी १९४८ पर्यंत व्हॅक्युमॅटिक पद्धतीनें शाई भरून घेई. नंतर दाबपट्टीची एअरोमेट्रिक पद्धत आली. टोपणाच्या क्लिपवरील निळा हिराही त्याच सुमारास बंद झाला. तेव्हां एअरोमेट्रिक झरणीवर निळ्या हिऱ्याचें टोपण दिसलें, तर दोन मृतांचे अवयव जोडून एक जिवंत केला असावा, अशी शंका घेण्यास जागा आहे. यांतील प्रत्येक भाग खरा असतो, आणि संपूर्ण वस्तु मात्र खोटी! उलट, पोलादी निब दिसली कीं ‘नकली, नकली’ म्हणून ओरडणारेही चुकतात. ५१ स्पेशल नांवाचा जो स्वस्त प्रकार कंपनीनें १९५० सालीं काढला, त्याची निब सोन्याची नव्हतीच. शांघायच्या हीरो कंपनीची ६१६ ही ५१ च्या वळणावर घडविलेली आहे. पण ती आपल्या नांवानें विकली जाते, म्हणून तिला आम्ही नकली म्हणणार नाहीं. गंमत अशी कीं, त्या ६१६ च्याच नकला आज बाजारांत उदंड आहेत.

यावर आमचे एक स्नेही म्हणतात, “लिहिते ना? मग खऱ्याखोट्याची एवढी उठाठेव कशाला?” प्रश्न वरकरणी समंजस आहे. आमच्या आजोबांची एक स्वान झरणी घरांत होती. त्यांच्या मागें वडिलांनीं ती दुरुस्तीस दिली. रबराची पिशवी बदलून आली, झरणी लिहूंही लागली. पुढें दहाबारा वर्षांनीं निबेच्या चिरेपाशीं तांबूस गंज दिसला, तेव्हां आमच्या ध्यानांत आलें. सोन्याला गंज चढत नाहीं. चौदा कॅरटची निब काढून घेऊन तिच्या जागीं मुलामा दिलेली पोलादी निब बसविली होती. सोनें गेलें याचें आम्हांस फारसें दुःख नाहीं. तें असून असून किती असणार? पण चाळीस वर्षें एकाच हाताच्या कलानें लिहून त्या निबेचें टोक एका अंगानें झिजलें होतें, इतकें कीं दुसऱ्या कोणी धरली तर ती कागदावर अडखळे. आजोबांचा हात जर कोठें उरला होता, तर तो तेथें. ‘लिहिते ना’ असें विचारणाऱ्या स्नेह्यांना आम्ही काय उत्तर द्यावें?

आमचें मागणें मोठें नाहीं. काय बदललें, काय घासलें, काय रंगविलें, तें विक्रेत्यानें बिलावर लिहून द्यावें. आणि संग्राहकानें न रंगविलेल्या तपकिरी झरणीला चकचकीत झरणीहून दोन पैसे अधिक मोजावे. दुसरें झाल्यावांचून पहिलें होणार नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत पुण्याच्या जुन्या बाजारांत एका विक्रेत्याकडे आम्हांला एक वॉटरमन दिसली. रंग पार तपकिरी पडलेला, पण नांव ठसठशीत वाचतां येत होतें. किंमत त्यानें फारच थोडी सांगितली. इतकी कमी कां, म्हणून विचारलें, तर म्हणाला, “साहेब, रंग उडालाय ना. पुढच्या रविवारीं या, काळी करून ठेवतों; मग तिप्पट पडेल.” आम्ही ती तशीच घेतली. शेजारीं उभे असलेले एक गृहस्थ मात्र, तशी दुसरी काळी करून मिळेल काय, म्हणून त्याला विचारीत होते.