सूची म्हणजे बखर नव्हे

अभ्यासकाने संदर्भाच्या फायली चॅटबॉटच्या स्वाधीन कराव्यात व त्याने त्यांच्या आधारे उत्तरे द्यावीत, अशी सोय ओपनएआयने २०२३ च्या नोव्हेंबरात आपल्या ग्राहकांना करून दिली. साहित्याच्या अभ्यासकाने तिचा लाभ घेण्यात वावगे काही नाही. प्रश्न आहे तो फायलीत काय घातले जाते याचा.

चेन्नईच्या शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयाचे उदाहरण घ्यावे. १८२१ साली निवर्तलेल्या कॉलिन मॅकेन्झीने जमविलेल्या कागदपत्रांचा मोठा भाग तेथे आहे व त्यात मराठी बखरीही आहेत. त्यांतील जे कागद मोडीत आहेत ते फायलीत घालून भागत नाही. लेखणी न उचलता, शब्द न तोडता आणि ऱ्हस्वदीर्घाची फारशी पर्वा न करता लिहिलेली ती लिपी. तिचे नुसते छायाचित्र यंत्राला भरवशाने वाचता येत नाही. मग हाताशी सहज काय येते? एच. एच. विल्सनची १८२८ ची इंग्रजी सूची. साहजिकच तीच चढविली जाते.

चॅटबॉट सामान्यतः संपूर्ण फाइल वाचून उत्तर देत नाही. फायलीचे लहान लहान तुकडे केलेले असतात. प्रश्नाशी अर्थाने जवळचे असे काही तुकडे निवडले जातात व तेवढेच समोर ठेवून उत्तर रचले जाते. बखरीविषयी विचारले असता सूचीतील चार ओळी विस्तारून मिळतात आणि त्या बखरीचाच आशय म्हणून वाचल्या जातात. विल्सनला दक्षिणेच्या भाषा अवगत नव्हत्या. त्याची भिस्त बऱ्याच अंशी इतरांनी केलेल्या गोषवाऱ्यांवर होती. म्हणजे गोषवाऱ्याच्या गोषवाऱ्याचा हा गोषवारा! शिवाय योग्य तुकडा निवडला गेला नाही, तर ‘उल्लेख नाही’ असे निःशंक उत्तर येते, ते वेगळेच.

सूचीवरून लिहिणारे पूर्वीही होते, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. पण त्यांच्या तळटीपेत सूचीचे नाव असे आणि वाचक सावध होई. चॅटबॉटही आधाराचा उतारा दाखवू शकतो. मात्र त्या उताऱ्यामागे बखर आहे की तिची नोंद, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तेव्हा मूळ, लिप्यंतर, भाषांतर आणि सूची यांच्या फायली वेगळ्या ठेवून प्रत्येकीच्या माथ्यावर तिची जात लिहिणे हे किमान काम होय.

खरे काम त्याच्या अलीकडचे आहे. मोडी जाणणाऱ्याने एक बखर पृष्ठांकांसह, संदिग्ध जागा न लपविता, बाळबोधीत उतरवून काढली, तर यंत्राला विचारण्यासारखे काही निर्माण होईल. अशा लिप्यंतरास आपली विद्यापीठे अद्याप संशोधन मानावयास कचरतात. त्यास पदवीच्या कामाचा दर्जा मिळाला पाहिजे.