हृदयाची निगा पाळण्यापासून

आज जागतिक हृदय दिन. दर वर्षी २९ सप्टेंबरला शहराशहरांत सकाळच्या फेऱ्या निघतात, रुग्णालये आणि मंडळे ईसीजीची, रक्तातील साखरेची मोफत शिबिरे घेतात. शिबिराच्या रांगेत असतात पन्नाशी-साठीची माणसे. त्यांची तपासणी व्हायलाच हवी. वेळेवर सापडलेल्या रक्तदाबाने अनेक घरांवरचा घाला टळला आहे. पण ज्यांचे हृदय अजून पुरतेपणी राखता येण्याजोगे आहे, ती मंडळी या रांगेत कधीच नसतात. ती या दिवसांत सहामाही परीक्षेच्या अभ्यासाला बसलेली असतात, आणि त्यांच्या वेळापत्रकातला खेळाचा तास राहिलेला पोर्शन संपवण्यासाठी गणिताच्या बाईंनी मागून घेतलेला असतो. हा अग्रलेख त्यांच्या वतीने आहे.

हृदयविकार चाळिशीनंतर येतो, असे आपण धरून चालतो. झटका तेव्हा येतो हे खरे; आजार मात्र त्याच्या कितीतरी आधी येऊन बसलेला असतो. १९५३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात कोरियाच्या युद्धात कामी आलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल आला. सरासरी वय २२. लष्कराने पारखून घेतलेली, धडधाकट पोरे. त्यांतल्या तीनचतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृदयरोहिण्यांत रोगाच्या खुणा डोळ्यांना दिसतील इतक्या स्पष्ट होत्या. पुढे १९७०च्या दशकात लुईझियाना राज्यातल्या बोगालुसा या छोट्या गावात डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी शाळकरी मुलांचे वजन, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षे नोंदवायला घेतले. त्यांतली काही मुले आणि तरुण अपघाताने किंवा अन्य कारणांनी अकाली गेले. २ ते ३९ वयाच्या अशा २०४ जणांच्या धमन्या तपासल्यावर १९९८ साली जे प्रसिद्ध झाले, त्याने बालरोगतज्ज्ञांची झोप उडायला हवी होती. ज्याच्या नोंदीत वजन, रक्तदाब, चरबी, सिगारेट यांतले जितके घटक जास्त, त्याच्या रोहिण्यांचा तितका जास्त भाग रोगाने व्यापलेला होता.

हे घडते कसे, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्यातच उपायाची वेळ दडलेली आहे. नळात गाळ साचावा तशी चरबी धमनीत साचत जाते, असे चित्र आपल्या मनात असते. ते पुरेसे नाही. धमनीची भिंत जिवंत असते. रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, तिच्या आतल्या नाजूक अस्तरातून भिंतीत शिरते आणि तिथेच अडकते. ते साफ करायला पांढऱ्या पेशी धावून येतात, ते गिळतात, फुगतात आणि त्याही तिथेच राहतात. त्यांच्या पिवळसर रेषा लहान वयातच उमटू लागतात. या रेषा पुसल्या जाऊ शकतात. मात्र रक्तदाब चढा राहिला, तंबाखूने अस्तर दुखावत राहिले, साखर वाढली, तर त्यांवर तंतूंचे जाड आवरण चढते आणि मग परतीची वाट अरुंद होत जाते. तीस-चाळीस वर्षांनी एखाद्या पहाटे ते आवरण फाटते, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि रोहिणी बंद होते. कोलेस्टेरॉल किती, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. ते किती वर्षे तसे राहिले, हेही विचारले पाहिजे. पन्नाशीत सुरू केलेल्या गोळीच्या वाट्याला फक्त पुढची वर्षे येतात.

फिनलंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या अशा दीर्घ पाहण्या एकत्र करून सुमारे ३८ हजार मुलांचा सरासरी ३५ वर्षांचा मागोवा २०२२ साली प्रसिद्ध झाला. लहानपणचे वजन, वरचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड आणि किशोरवयातले धूम्रपान या पाचांचा मध्यमवयातल्या झटक्यांशी आणि मृत्यूंशी थेट संबंध त्यात दिसला. आता शंकेला जागा उरलेली नाही.

परदेशातली ही उदाहरणे वाचून कोणी म्हणेल, ती लठ्ठ मुलांच्या देशांची गोष्ट आहे. आमच्याकडची पोरे तर काटक. नेमके इथेच पुण्यातल्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम प्रत्येक मराठी घराने जाणून घ्यावे असे आहे. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांच्या गरोदरपणापूर्वीच्या स्थितीपासून ते त्यांच्या मुलांच्या वाढीपर्यंतचा माग ठेवला. या गावांतली बाळे सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची. हाडापेराने लहान, स्नायू कमी, पोटाचा घेर कमी. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास गोऱ्या बाळाइतकी. दिसायला बारीक, आतून चरबीचे. शेतात राबणाऱ्या, दिवसभर उभ्या असलेल्या, पोटभर पण चौरस न जेवणाऱ्या आईच्या उदरातच हे शरीर असे घडलेले असते. ज्या मातांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याचा कल अधिक आढळला. त्याआधी केईएममध्येच जन्मलेल्या मुलांच्या दुसऱ्या पाहणीत असे दिसले होते, की मधुमेह आणि हृदयविकाराच्या जोखमीच्या खुणा सर्वांत ठळक होत्या त्या जन्मतः वजन कमी आणि आठव्या वर्षी भरलेल्या मुलांत.

याचा अर्थ आपल्या अंगणापर्यंत आणून पाहिला पाहिजे. हृदयविकाराचा प्रतिबंध गावातल्या मुलीच्या ताटापासून सुरू होतो. तिला दूध-दही, डाळ, अंडे, पालेभाजी मिळते का. घरातल्या पुरुषांची पंगत उठल्यावर तिच्यासाठी काय उरते. अठराव्या वर्षाआधी तिचे लग्न उरकले जाते का. सातव्या महिन्यातही ती डोक्यावर हंडा घेऊन चढण चढते का. तिला मशेरीची सवय असेल तर तीही यातच आली, कारण गरोदरपणातल्या तंबाखूने बाळाचे वजन घटते. हृदयरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात यातला एकही प्रश्न विचारला जात नाही, आणि विचारून त्याला काही करताही येणार नाही. अंगणवाडीताई आणि आशाताई यांच्या हातात मात्र यातले बरेच काही आहे. त्यांचे मानधन आणि त्यांच्यावर लादलेली कागदपत्रे हा विषय आम्ही हृदयाच्या आरोग्याचाच मानतो.

मग बाळ जन्मते, आणि घरादाराचे लक्ष ते अंगाने कधी भरते याकडे लागते. गुटगुटीत बाळाच्या स्पर्धा आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या भरल्या. उपासमार पाहिलेल्या आजीला नातवाचे गाल भरलेले हवेत, यात दोष तिचा नाही. पण कमी वजनाने जन्मलेल्या मुलाला तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून बिस्किटे, दुधातल्या चॉकलेटच्या पावडरी आणि वेफर्स यांनी झपाट्याने 'अंगावर आणणे' हा या देशातला विशेष धोक्याचा रस्ता आहे, हे पुण्याच्याच संशोधनाने सांगितले आहे. दुसरीकडे, जाड मुलाला सगळ्यांसमोर चिडवून, त्याचे ताट मोजून काहीही साधत नाही. तो चोरून खायला शिकतो. बदल घरात यायचा तर तो सगळ्यांच्या ताटात यायला हवा. फिनलंडमधल्या तुर्कू शहरात १९९० पासून हजारावर कुटुंबांना अभ्यासात घेऊन, त्यांपैकी निम्म्यांना बाळ सात महिन्यांचे असल्यापासून आहाराचा सल्ला नियमित दिला गेला. दूध-तुपातली घट्ट चरबी बेताची, भाज्या-फळे अधिक. ती मुले उंचीत, बुद्धीत कुठेही मागे राहिली नाहीत आणि त्यांचे कोलेस्टेरॉल इतरांपेक्षा कमी राहिले. सल्ला आईवडिलांना होता. मुलांना काही वगळल्याचे जाणवलेही नसेल.

आपल्याकडचा प्रश्न तुपाच्या धारेपेक्षा पाच रुपयांच्या पाकिटाचा जास्त आहे. कोणत्याही शाळेच्या फाटकाशी मधल्या सुट्टीत पाच मिनिटे उभे राहावे. डबा तसाच दप्तरात आणि हातात पाच-दहा रुपयांचे चकाकते पाकीट. ते मिठाने आणि तेलाने भरलेले, आणि चिमुकल्या हातांना सहज परवडेल अशा बेताने भाव ठेवलेले. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालासुद्धा दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चमचा. मुलांना त्याहून कमी. ३०० मिलिलिटरच्या शीतपेयात सात-आठ चमचे साखर असते. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत असले पदार्थ विकू नयेत, असा केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०२० पासून आहे. महाराष्ट्र सरकारने शाळांच्या उपाहारगृहांतून ते हद्दपार करण्याचा निर्णय २०१७ मध्येच घेतला होता. तंबाखूजन्य पदार्थांची विक्री शाळेपासून १०० यार्डांच्या आत करण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तरीही २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के तंबाखू वापरत होते. कायदा आहे, फलक आहे आणि फलकाखालीच टपरी आहे. ती हलवण्यासाठी नवा अभ्यासगट नको, पालिकेच्या एका गाडीची आणि प्रभाग अधिकाऱ्याच्या सहीची गरज आहे.

खेळाचेही तसेच. मुलांना दिवसाला किमान ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण हवे असे लिहिले आहे. मुंबई-पुण्यात आज किती शाळांकडे ते खरोखर आहे, हे पालकांनी प्रवेश घेताना विचारावे. संगणक कक्ष दाखवतात तसे मैदानही दाखवायला लावावे. सार्वजनिक मैदाने लग्नसमारंभांना आणि वाहनतळांना द्यायची, सोसायटीत 'येथे चेंडू खेळू नये' अशी पाटी लावायची आणि मग मूल मोबाइल सोडत नाही म्हणून समुपदेशकाकडे जायचे, हे त्या मुलावर अन्याय करणारे आहे.

आजाराचा दुसरा एक प्रकार या गर्दीत विसरला जातो. दाटीवाटीच्या वस्तीत राहणाऱ्या पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा एका विशिष्ट जिवाणूने सुजतो, उपचार होत नाहीत, काही आठवड्यांनी सांधे दुखतात, ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. पेनिसिलिनने हे टाळता येते. एकदा असा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. एक फेरी चुकली तर धोका परततो. तालुक्याच्या रुग्णालयात हे स्वस्त इंजेक्शन सदैव असणे, ही साधी अपेक्षा आहे.

मुलांची तपासणीही या सगळ्याचाच भाग आहे. केंद्राच्या २०१६-१८ च्या व्यापक पोषण पाहणीत किशोरवयीनांपैकी सुमारे ५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आणि जवळपास १० टक्क्यांना मधुमेहपूर्व स्थिती आढळली. आपल्या ओळखीच्या किती मुलांचा रक्तदाब कधी मोजला गेला आहे? मोजला तरी मोठ्यांचाच पट्टा बारीक दंडाला गुंडाळला जातो आणि आकडा खोटाच कमी येतो. लहान पट्टा लागतो. निष्कर्षही वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहून काढायचा असतो. तेराव्या वर्षानंतर १३०/८० हे मोठ्यांचेच माप लागू होते. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथके राज्यभरातल्या सरकारी शाळांत जातात आणि जन्मजात हृदयदोष असलेली मुले शोधून त्यांच्या शस्त्रक्रिया घडवून आणतात. हे फार मोलाचे काम आहे. त्याच भेटीत योग्य मापाच्या पट्ट्याने रक्तदाब आणि साध्या टेपने कंबरेचा घेर नोंदवला, तर वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही. खासगी शाळांतल्या मुलांनाही या नोंदीत आणायला हवे.

यात निराशेचे काही नाही. लहानपणी लठ्ठ असलेली पण मोठेपणी वजन आटोक्यात आणलेली माणसे जवळपास कधीच लठ्ठ नसलेल्यांइतक्याच जोखमीवर परत येतात, असे चार मोठ्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून २०११ साली दिसले आहे. मुलांचे शरीर क्षमाशील असते.

एक गोष्ट तर उद्यापासून करता येईल आणि तिला पैसाही लागत नाही. बेचाळिशीतला एखादा बाप अँजिओप्लास्टी करून घरी निघतो. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर गोळ्या, पथ्य, पुढच्या भेटीची तारीख सगळे असते. आयसीयूबाहेरच्या बाकावर दोन रात्री काढलेल्या त्याच्या बारा वर्षांच्या मुलाचा उल्लेख कुठेच नसतो. वंशपरंपरेने अति कोलेस्टेरॉल असण्याचा विकार साधारण अडीचशेंत एकाला असतो, बापाकडून किंवा आईकडून तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते, आणि तो रक्ताच्या एका साध्या तपासणीत दिसतो. लहानपणी सापडला तर आहार आणि औषधे यांनी त्या मुलाचे आयुष्य चारचौघांसारखे होते. म्हणून पंचावन्नच्या आत झटका आलेल्या प्रत्येक पुरुषाच्या आणि पासष्टच्या आत आलेल्या प्रत्येक स्त्रीच्या कार्डावर 'मुलांची लिपिड तपासणी आणि रक्तदाब' ही ओळ छापलेली असावी. राज्यातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र बसून तिचा मसुदा ठरवावा, आणि आरोग्य विभागाने शासकीय योजनेत हृदयावर उपचार करणाऱ्या सर्व रुग्णालयांना ती सक्तीची करावी.