खोकला दाबावा कीं कफ काढावा?

घरांत वृद्ध माणूस खोकूं लागला म्हणजे "पुरे करा आतां!" असे उद्गार पुष्कळदां आपल्याच तोंडून निघतात. तो बिचारा ओशाळतो, तोंडावर उपरणें धरतो आणि आलेला कफ गिळून टाकतो. या लाजेचा दोष रोग्याकडे नसून आम्हां निरोग्यांकडे आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

निरोगी श्वासनलिकांतील सूक्ष्म केस कफाला सतत वर लोटीत असतात. परंतु क्षय बरा झाल्यावरही कित्येकांच्या श्वासनलिका सैल व रुंद होऊन राहतात. या विकारास ब्राँकिएक्टेसिस म्हणतात. तेथें कफ सांचतो, सांचलेल्या कफांत जंतु वाढतात, आणि जंतूंमुळें नलिका अधिकच बिघडतात. हें चक्र तोडावयाचें तर कफ बाहेर पडलाच पाहिजे.

याकरितां एक साधी श्वसनक्रिया आहे. प्रथम खांदे सैल सोडून शांतपणें श्वास घ्यावा. मग तीन-चार वेळां छाती भरून श्वास घ्यावा, दोन-तीन सेकंद रोखावा आणि सहज सोडावा. त्यायोगें हवा कफाच्या मागें पोहोंचते. पुन्हां थोडा वेळ शांत श्वास. शेवटीं, आरशावर वाफ धरण्यासाठीं आपण तोंड उघडून 'हा' करतों, तसा पण अधिक जोरानें एक-दोनदां उच्छ्वास टाकावा. कफ वर सरकतो व अल्प खोकल्यानें सुटतो. या जोराच्या उच्छ्वासाचा अभ्यास लंडनच्या ब्राँप्टन रुग्णालयांत, चिकट कफाच्या एका आनुवंशिक विकाराच्या रोग्यांवर झाला आणि तो १९७९ सालीं प्रसिद्ध झाला.

कोणी म्हणेल, औषध असतां ही खटपट कशाला? औषध जंतु मारतें. सांचलेला कफ उचलून बाहेर टाकीत नाहीं. अर्थात् ही क्रिया डॉक्टरांच्या संमतीनें, जाणत्याकडून शिकूनच करावी. थुंकींत रक्त दिसल्यास तत्काळ थांबून त्यांस विचारावें.

विद्यार्थ्यांनो, आपण कवायतीस वेळ देतों. आजोबांजवळ दहा मिनिटें बसून त्यांच्याबरोबर श्वास मोजणें हीही कवायतच होय. खिडकी उघडावी, झांकणाचें भांडें त्यांच्या हातीं द्यावें आणि कपाळाला आठी घालूं नये. ज्याला श्वासासाठीं झगडावें लागतें, त्यास स्वतःच्या घरांत लाजेशीं तरी झगडावें लागूं नये.