शून्य म्हणजे यश, हे ठरवले कोणी?

#थ्रेड

मोडी कागदावर नुसता '११७२' दिसला, तर जाणता अभ्यासक लगेच इसवी सन लिहून मोकळा होत नाही. शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवायचे, दक्षिणेतील फसली असेल तर ५९० किंवा ५९१. कालगणना ठरेपर्यंत आकडा मुकाच असतो. संगणकाच्या इतिहासातही असा एक मुका आकडा आहे. यंत्रांवर आणि भाषांवर ग्रंथ लिहिले गेले. त्यांच्यामधल्या या तहनाम्याकडे मात्र फारसे कोणी वळून पाहिले नाही.

हा आकडा म्हणजे रिटर्न कोड. प्रोग्राम संपताना तो मागे ठेवतो आणि पुढचा प्रोग्राम तो वाचून चालायचे की थांबायचे ते ठरवतो. एक कोबोलमध्ये, दुसरा असेम्ब्लीत लिहिलेला असेल, तर 'काम झाले का' या प्रश्नाचे दोघांनाही कळणारे उत्तर बहुधा एवढेच असते.

आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० जाहीर केली. तिच्यावर हा आकडा १५ क्रमांकाच्या रजिस्टरात ठेवण्याचा रिवाज पडला: ० म्हणजे निर्वेध, ४ इशारा, ८ चूक, १२ गंभीर चूक, १६ म्हणजे पुढे जाणेच अशक्य. सारे चाराच्या पटीत का? त्या यंत्रावरची नेहमीची 'उडी मारा' ही आज्ञा ४ बाइटांची होती. अशा आज्ञांचा तक्ता मांडला की आलेला आकडा थेट त्या तक्त्यातले अंतर म्हणून वापरता येई. यंत्राच्या सोयीसाठी पडलेली पायरी पुढे अपराधाची पायरी बनली, आणि भाषांना तिच्याशी जुळवून घ्यावे लागले. आयबीएमच्या कोबोलमध्ये तर 'रिटर्न-कोड' याच नावाची राखीव जागा आली.

बेल लॅब्जमधील युनिक्सची घडण वेगळी. पीडीपी-११ या यंत्राचा शब्द १६ बिटांचा. प्रोग्राम संपल्याची वार्ता एकाच शब्दात बसवायची, म्हणून एक बाइट तो कसा मेला याला दिला आणि दुसरा त्याने स्वतः सांगितलेल्या आकड्याला. त्यामुळे मर्यादा ० ते २५५. कोणी २५६ पाठवले, तर पलीकडे ० पोहोचतो. अपयश निघाले आणि यश पोहोचले! गंमत अशी की, सी भाषेत शून्य म्हणजे असत्य, तर त्याच घरातल्या शेलमध्ये शून्य म्हणजे सत्य. याला कारणही सबळ आहे: यश एकाच प्रकारचे असते, अपयशाच्या तऱ्हा अनेक.

पण हे कारण सर्वांना पटले नव्हते. १९७७ साली आलेल्या डेक कंपनीच्या व्हीएमएसमध्ये विषम आकडा यशाचा आणि सम आकडा अपयशाचा. युनिक्सवर '१' सांगणारा प्रोग्राम रडत असतो. व्हीएमएसवर तोच '१' समाधानाने हसतो. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकाने सी भाषेत यश आणि अपयश यांना दोन स्वतंत्र नावे दिली, ती यंत्रायंत्रांतल्या अशा मतभेदांमुळेच अर्थपूर्ण ठरतात.

युनिक्सचा रिवाज पुढे सर्वत्र पसरला. तो सर्वांत शहाणा होता म्हणून पसरला, असे मानणे भाबडेपणाचे आहे. तो पाळायला सर्वांत स्वस्त होता. कोणतीही नवी भाषा एक लहान पूर्णांक देऊ शकते. आणि घेणाऱ्यावर तो वाचण्याची सक्तीही नाही. या दुसऱ्या सवलतीची किंमत मोठी आहे. १९७३ साली युनिक्समध्ये पाइप आले, एकाचे फलित दुसऱ्याच्या हाती सोपवणारे. शेल मात्र साखळीतल्या शेवटच्या प्रोग्रामचाच आकडा जपत राहिले. पहिला अर्ध्यावर कोसळला आणि शेवटच्याने हाती आले तेवढे नीट मोजले, तर साखळी शून्य सांगते. बेरीज अपुरी, शिक्का यशाचा. पुढे काही शेलांनी यावर उपाय दिला, पण तो मुद्दाम मागून घ्यावा लागतो.

हा दोष किती महाग पडू शकतो, याचे उदाहरण रिटर्न कोडच्या थोडे बाहेरचे, पण त्याच कुळातले आहे. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कूरू येथून एरियान-५ प्रथमच झेपावले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेत ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही. यंत्रणा बंद पडली. पण बंद पडताना तिने आपल्या बिघाडाचा तपशील मुख्य संगणकाकडे रवाना केला. मुख्य संगणकाने तो उड्डाणाची माहिती म्हणून वाचला, नसलेली चूक दुरुस्त करण्यासाठी नळकांडी पूर्ण वळवली, आणि सुमारे चाळीस सेकंदांत यानाचे तुकडे झाले.