क्ष-किरणांपुढचा योग

योगी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जटा, व्याघ्रचर्म आणि हिमालयातली एखादी गुहा उभी राहते. अगदीच आजकालचा योगी असला तर दूरचित्रवाणीचा पडदा! पण हवेचा दाब मोजण्याचे यंत्र घेऊन बसलेला योगी काही कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. असा एक योगी लोणावळ्यास होऊन गेला. होय, आपण चिक्कीची पाकिटे घेऊन परततो, त्याच लोणावळ्यास.

स्वामी कुवलयानंद हे त्यांचे नाव. पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ चा, गुजरातेतल्या डभोईचा. मॅट्रिकला संस्कृतात त्यांनी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. ही शिष्यवृत्ती म्हणजे काय चीज होती, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे! बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी शरीर कमावले, पुढे अंमळनेरला शिक्षकी केली. योगी होण्यापूर्वी हा गृहस्थ मास्तर होता, याचे आम्हां मास्तरांना थोडे अप्रूप वाटले तर वाचकांनी क्षमा करावी. शिवाय ते खरेच महत्त्वाचे आहे. 'कशावरून?' असे विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवायचे नसते, हे चांगल्या मास्तरला ठाऊक असते.

त्यांचे गुरू नर्मदाकाठच्या मालसरचे परमहंस माधवदास. आपल्याकडे गुरूने सांगितले की विषय संपला. गुण्यांनी मात्र गुरूकडून शिकलेल्या क्रिया बडोद्याच्या रुग्णालयात नेऊन क्ष-किरणांपुढे उभ्या केल्या! उड्डियानात पोट आत ओढले की श्वासपटल किती वर चढते, नौलीत पोटाच्या स्नायूंचे काय होते, हे त्यांना पाहायचे होते. पुढे दाबमापक लावून त्यांनी दाखवले, की नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. बस्तीत पाणी आत का खेचले जाते, याचे उत्तर सापडले. चमत्कार राहिला नाही, पण क्रिया टिकली. त्या पोकळीला त्यांनी गुरूचे, माधवदासांचे नाव दिले. गुरुदक्षिणेचा हा प्रकार मला फार आवडतो.

१९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम निघाले आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही. १९२७ मध्ये रक्तदाबाने त्रस्त झालेल्या गांधीजींनी त्यांचा सल्ला घेतला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले कोवूर बेहानन त्यांच्यापाशी शिकायला येऊन राहिले. अशी यादी बरीच लांबेल. मला सांगायचे आहे ते निराळेच.

प्राणायामाने शरीरात प्राणवायूचा भरपूर साठा होतो, असे तेव्हाही म्हणत, आजही घरोघर म्हणतात. स्वामींनी मोजून पाहिले. प्राणायामात नेहमीच्या श्वसनाहून जास्त प्राणवायू शरीरात जात नाही, असे दिसले. आज त्याचे कारणही आपल्याला सांगता येते. निरोगी माणसाचे रक्त साध्या श्वासानेच प्राणवायूने जवळजवळ भरलेले असते. भरल्या हंड्यात आणखी किती ओतणार? आता विचार करा. ज्याचे सारे आयुष्य योगावर उभे, त्याच्या हाती योगाच्या सर्वांत लोकप्रिय फायद्याविरुद्धचे आकडे आले. ते कपाटात ठेवणे किती सोपे होते! स्वामींनी ते मांडले, आणि प्राणायामाचे खरे मोल मज्जासंस्थेवरील परिणामात आहे, असे आपले मत दिले.

त्यांचे सगळेच सिद्ध झाले असे नव्हे. प्रयोगातली माणसे मोजकी, साधने त्या काळची. पण योगाने अमुक रोग हटकून बरा होतो, असे छातीठोक सांगणारे आज गल्लोगल्ली भेटतात, त्यांच्यापैकी कितीजण मोजायला बसतात?

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी गेले. 'योगमीमांसा' अजून निघते. आमच्या शेजारच्या नानांना मी ही प्राणवायूची हकीकत ऐकवली. नाना रोज पहाटे गच्चीत प्राणायाम करतात. ते जरा घुश्श्यातच म्हणाले, "मग मला बरे का वाटते?" मी म्हटले, "नाना, स्वामींनीही तिथूनच सुरुवात केली होती."