घाटमाथ्यावरील उबेचा भ्रम

कोल्हापूर जिल्ह्यात पर्जन्याचे प्रमाण ज्या तालुक्यात सर्वाधिक, त्या गगनबावड्यात आषाढातील रोपलावण आटोपून, इरल्याखालीही चिंब भिजलेला शेतकरी सायंकाळी घराकडे वळतो, तेव्हा ‘अंगात जरा ऊब येते’ या सबबीवर त्याच्या हाती पडणारा पेला समाजास क्षम्य, किंबहुना औषधी वाटतो. आणि माझ्या मते मद्याविषयीच्या सर्व गैरसमजांत हाच सर्वाधिक घातक होय, कारण त्यास व्यसनाचे नव्हे, गरजेचे रूप लाभले आहे.

वास्तविक घडते ते याच्या विपरीत. मद्यार्काने त्वचेजवळील रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराच्या अंतर्भागातील उष्ण रक्त पृष्ठभागाकडे धावते, आणि त्वचेला जी ऊब भासते ती देहातून निघून जाणारी उष्णता असते; थंडीत ऊब निर्माण करणारे कापरेही मद्याने मंदावत असल्याने, ओलेत्या माणसास त्यापासून लाभ नाही, अपायच आहे. पुढे हाच मद्यार्क यकृतात ॲसिटाल्डिहाइड नामक विषारी द्रव्यात परिणत होतो, जे पेशींतील जनुकद्रव्यास इजा करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच मद्यपेयांना मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत गणले, आणि जानेवारी 2023 मध्ये त्या संघटनेने स्पष्ट निवेदन केले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही. मुख, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे व स्त्रियांचे स्तन ही मद्यजन्य कर्करोगाची स्थाने; आणि जेथे दारूच्या जोडीस तंबाखूची चंची असते, तेथे मुखाचा व घशाचा धोका केवळ बेरजेने वाढत नाही, तो कितीतरी पटींनी वाढतो.

गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. गोव्यात करभार कमी असल्याने तेथील स्वस्त दारू घाटवाटांनी चोरून वर येते, आणि ती पकडण्यासाठी राज्य उत्पादन शुल्क खात्याचा बंदोबस्त असतो, तो असावाही. परंतु सरकारी महसूल बुडवणाऱ्या बाटलीची झडती ज्या निष्ठेने होते, तितक्याच निष्ठेने, दाट धुक्यात वळणांचा घाट उतरू पाहणाऱ्या, वर्षासहलीचे मद्य चढलेल्या चालकाच्या श्वासाची तपासणी व्हावयास नको काय? 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असता वाहन हाकणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 अन्वये गुन्हा आहे. ज्या बाटलीचे शुल्क रीतसर भरले, तिने यकृताला अभय दिले असे काही नाही.

बहुमताने बाटली आडवी करण्याचा, म्हणजे गावातील दुकान बंद करविण्याचा अधिकार महाराष्ट्रातील स्त्रियांनी ठिकठिकाणी बजावला आहे, आणि त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. मात्र दुकानास कुलूप लागल्यावर दीर्घकाळच्या व्यसनी माणसाचे काय होते, याचा विचार कोणी करावा? वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, तर हातपाय कापतात, झटके येतात, नाही ती माणसे दिसू लागतात, आणि उपचार न मिळाल्यास प्रसंगी प्राणही जातो; अशा वेळी भगताचा अंगारा किंवा घरच्यांचा मार उपयोगी नाही, डॉक्टर हवा. कोल्हापूर गाठण्यासाठी 55 किलोमीटरांचा रस्ता आणि एका दिवसाची मजुरी खर्ची घालावी लागू नये, यासाठी व्यसनमुक्तीचे औषधोपचार व समुपदेशन तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातच ठरलेल्या वारी उपलब्ध व्हावे, आणि त्याचा खर्च दारूवरील शुल्काच्या रकमेतूनच भागवला जावा, अशी माझी मागणी आहे.